मु. पो. वर्धा

मुंबईहून दुपारी सुटणारी सेवाग्राम एक्सप्रेस धामणगाव मागे टाकून वर्धा नदीच्या पुलावर येते तेव्हा रात्र सरलेली नसते, आणि नदी ओलांडून वर्धा जिल्ह्याच्या हद्दीत शिरताच जे पहिले स्टेशन लागते ते पुलगावचे असते. आपल्या लष्कराचा दारूगोळा साठविण्याचे सर्वांत मोठे आगर याच गावाला लागून आहे, आणि २०१६ च्या मे महिन्याच्या अखेरीस तेथे लागलेल्या आगीत ती विझवू पाहणारी माणसेच बळी पडली, हे साखरझोपेतल्या प्रवाशांपैकी कोणाच्या ध्यानीमनीही नसते. मी मात्र जागा होतो. एका अत्यंत चमत्कारिक पत्राच्या माथ्यावर ज्या गावाचा सरनामा आहे त्या गावी मी निघालो होतो, आणि युद्ध टाळण्याची याचना करणाऱ्या त्या पत्राच्या मुलखाची वेस अशी तोफगोळ्यांच्या कोठारावरून ओलांडावी लागावी, याचे मला खरे पाहता काहीच नवल वाटले नाही.

ते पत्र मी प्रथम वाचले ते कोणत्याही ग्रंथात नव्हे. २०१९ च्या उन्हाळ्यात व्हेनिस येथे, धुक्यावर वाचले. त्या वर्षी तेथील जगप्रसिद्ध द्वैवार्षिक कलाप्रदर्शनात हिंदुस्थानचे दालन आठ वर्षांच्या खंडानंतर पुन्हा उघडले होते, आणि गांधीजींच्या जन्माचे दीडशेवे वर्ष असल्यामुळे ते सर्व दालन त्यांच्याभोवती रचलेले होते. नंदलाल बोसांनी हरिपुरा काँग्रेससाठी १९३८ साली रंगविलेली चित्रे तेथे होती, अतुल दोडियांची काचेची कपाटे होती, आणि एका पूर्ण काळोख्या खोलीत मुंबईच्या जितिश कल्लाट यांची ‘कव्हरिंग लेटर’ ही २०१२ सालची कृती होती. वरून अखंड ओघळणाऱ्या धुक्याचा एक पडदा, आणि त्या पडद्यावर प्रकाशाने उमटविलेला, २३ जुलै १९३९ या तारखेचा, गांधीजींनी ॲडॉल्फ हिटलरला लिहिलेल्या पत्राचा मजकूर, एवढाच त्या कृतीचा सरंजाम. अक्षरे थरथरत होती, विरत होती, पुन्हा सांधली जात होती. आणि वाचून झाल्यावर बाहेर पडायचे तर त्या धुक्यातूनच चालत जावे लागे, त्यामुळे क्षणभर ‘मित्र’ या शब्दाची अक्षरे माझ्या सदऱ्याच्या बाहीवर हलताना मला दिसली. पलीकडे गेल्यावर मी मागे वळून पाहिले. ज्या भोकातून मी आलो होतो ते भरून आले होते, आणि पत्र जणू कोणी वाचलेच नव्हते अशा रीतीने पुन्हा पहिल्या ओळीपासून तयार होते.

बाहेर, प्रदर्शन भरले होते त्या जुन्या गोदीच्या आवारात, क्रिस्तोफ ब्यूखेल या स्विस कलावंताने भूमध्य समुद्रात २०१५ साली शेकडो निर्वासितांसह बुडालेले एक मच्छीमार जहाज, अंगावर पडलेल्या भगदाडासह, आणून ठेवले होते. आणि त्याच्या लगतच्या उपाहारगृहात लोक कॉफी पीत बसले होते. ते जहाज येथे आणावे की आणू नये यावर युरोपातील वृत्तपत्रांत पुष्कळ रणे माजली. मला त्या जहाजापेक्षा त्या कॉफीचा संताप आला, आणि थोड्या वेळाने मीही तेथेच बसलो.

वर्ध्याला उतरून सेवाग्रामकडे जायला आठेक किलोमीटरचा रस्ता आहे. रिक्षावाल्याने मला दोन वेळा विचारले, ‘आश्रम का दवाखाना?’, कारण या गावी येणाऱ्यांपैकी बहुतेकांना कस्तुरबा रुग्णालयात जायचे असते, आणि ज्याच्या काखेत फायलींची पिशवी नाही असा माणूस तेथे थोडासा संशयास्पदच ठरतो. या गावाचे मूळ नाव शेगाव. गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी येथे राहावयास आले, आणि पुढे त्यांच्या टपालाचा ढीग गजानन महाराजांच्या शेगावी जाऊन पडू लागल्यामुळे १९४० मध्ये गावाचे नाव बदलून सेवाग्राम करण्यात आले. एका माणसाच्या पत्रव्यवहाराखातर गावाने नाव बदलावे, असे उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही. आणि ज्याच्या पत्रांसाठी ही सारी व्यवस्था झाली त्याचे सर्वांत प्रसिद्ध पत्र मात्र पोहोचलेच नाही.

पत्राच्या माथ्यावर ‘वर्धा, मध्य प्रांत’ असे आहे. पण ते लिहिले गेले त्या दिवशी गांधीजी वर्ध्यात नव्हते. त्या जुलै महिन्यात त्यांचा मुक्काम वायव्य सरहद्द प्रांतात, अबटाबाद येथे होता. पत्ता द्यायचा तो कायमच्या ठिकाणाचा, या शिरस्त्याने वर्ध्याचे नाव वर घातलेले. म्हणजे, गांधीजींच्या कुटीतल्या ज्या खोलीत मी पायांतले जोडे काढून भीत भीत शिरलो, जिथे ती ठेंगणी डेस्क आहे, भिंतीला टेकवलेली बैठक आहे, ताडाची झाडे आणि चरखा मीराबेननी मातीत उठविलेला आहे, जिच्या शेजारच्या दफ्तरात साप धरून लांब सोडून देण्याचा चिमटा आहे आणि व्हाइसरॉय लिनलिथगोंनी बोलणे सोयीचे व्हावे म्हणून बसविलेला टेलिफोनही आहे, त्या खोलीत हे पत्र लिहिले गेलेच नव्हते. ही खोली म्हणजे त्या पत्राची जन्मभूमी नव्हे, केवळ परतीचा पत्ता. उत्तर आले असते तर ते येथे आले असते.

ते यायचे नव्हते, कारण सरकारने ते पत्र पुढे रवाना होऊच दिले नाही. मजकूर अगदी लहान आहे. मित्र मला आपणास लिहिण्याचा आग्रह करीत आहेत, माझे लिहिणे आगाऊपणाचे होईल म्हणून मी आजवर टाळले, परंतु माणसाला रानटी अवस्थेत लोटू शकणारे युद्ध थांबविणे आज जगात एकट्या आपल्याच हाती आहे, अशा आशयाच्या सात-आठ ओळी. चुकलो असेन तर क्षमा गृहीत धरतो, असा शेवट. आणि मायना, ‘प्रिय मित्र’. पुढे जवळजवळ दीड वर्षाने, २४ डिसेंबर १९४० रोजी, त्यांनी दुसरे आणि पुष्कळ लांब पत्र लिहिले. पोलंड आणि डेन्मार्कच्या संदर्भात हिटलरची कृत्ये अमानुष आहेत असे त्यात स्पष्ट म्हटले, आणि मित्र हा शब्द केवळ शिष्टाचार म्हणून वापरलेला नाही असेही बजावले. तेही अडकून राहिले. सरकारी दफ्तरात कागद अडकण्याचा अनुभव आपल्यापैकी प्रत्येकाला आहे. माझ्याही एका साध्या अर्जाचा जावक क्रमांक एका कचेरीत तीन वर्षे मिळत नव्हता. परंतु साठ लाख ज्यूंच्या संहारापूर्वीचा एक कागद कोणा कारकुनाच्या टेबलावर थांबला, ही गोष्ट त्या अनुभवाशी जुळवू गेले की मन बुजते. कारण पोहोचला असता तरी काहीही घडले नसते, हे आपल्याला पुरते ठाऊक असते.

येथे आश्रमाच्या अंगणात बसून जी गोष्ट सांगायला संकोच वाटतो तीच सांगितली पाहिजे. ज्यूंच्या बाबतीत गांधीजींचे चुकले होते असे मानणारे लोक त्या काळीही होते, आणि ते त्यांचे शत्रू नव्हते. ९ आणि १० नोव्हेंबर १९३८ च्या रात्री जर्मनीत सिनेगॉग जाळले गेले आणि ज्यूंची दुकाने फोडली गेली. त्यानंतर अवघ्या दहा दिवसांनी, याच गावी बसून, गांधीजींनी ‘हरिजन’साठी एक लेख लिहिला आणि जर्मनीतल्या ज्यूंना सत्याग्रहाचा मार्ग सुचविला. जेरुसलेमहून मार्टिन ब्यूबर या तत्त्वज्ञाने फेब्रुवारी १९३९ मध्ये त्यांना प्रदीर्घ आणि व्यथित पत्र लिहिले. त्याचे उत्तर आढळत नाही. पाहा, कागदांचा हा दुसरा प्रवास, उलट्या दिशेने, तोही निष्फळ. आणि या दोन्ही दिशांच्या मधोमध, याच आवारात, हर्मन कॅलनबाख हा माणूस काही काळ राहून गेला. लिथुआनियात जन्मलेला, जर्मनीत वास्तुशास्त्र शिकलेला हा ज्यू गृहस्थ; १९१० साली जोहान्सबर्गजवळची आपली अकराशे एकर जमीन त्याने टॉलस्टॉय फार्मसाठी गांधींच्या हवाली केली; १९१४ साली त्यांच्याबरोबर हिंदुस्थानात यायला निघाला, परंतु महायुद्ध पेटल्यामुळे जर्मन प्रजाजन म्हणून इंग्लंडमध्ये अडकवून ठेवला गेला, आणि येथे पोहोचला तो थेट १९३७ मध्ये. १९३९ मध्ये तो पुन्हा आला, तेव्हा त्याच्याविषयी गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये लिहिले की माझ्यासोबत राहणारा एक ज्यू मित्र बुद्धीने अहिंसा मानतो, पण हिटलरसाठी प्रार्थना करणे त्याला जमत नाही, आणि त्याच्या या रागाबद्दल मी त्याच्याशी भांडत नाही. मला या सर्व आश्रमात याहून अधिक धीट अशी गोष्ट आढळली नाही. सायंप्रार्थनेच्या मोकळ्या जागेत पिंपळाखाली बसलो असता माझ्या मनात सारखे तेच येत राहिले, की सर्व धर्मांची प्रार्थना म्हणणाऱ्या त्या रांगेत एक माणूस असा बसला होता ज्याने एका नावापाशी ओठ मिटले होते, आणि त्याला कोणी उठवून लावले नव्हते.

कुटीत ती तीन माकडेही आहेत. वाईट पाहू नये, हा पहिल्याचा उपदेश. युरोपने त्या दशकात तो फार मनोभावे पाळला. कल्लाटांच्या धुक्याचे मर्म मला येथे थोडे उमगले: ते आपल्याला डोळे मिटू देत नाही, आणि स्पष्ट पाहूही देत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर्ध्याच्या मगनवाडीत गेलो. सेवाग्रामला जाण्यापूर्वीचे गांधीजींचे घर हेच, जमनालाल बजाजांनी दिलेले. आणि येथेच जे. सी. कुमारप्पांनी ग्रामोद्योग संघाचे काम उभे केले. १९३८ च्या अखेरीस गांधीजींच्या हस्ते उघडलेल्या मगन संग्रहालयात चरख्यांचे नाना प्रकार आहेत, हातकागद आहे, मगनदीप नावाचा वनस्पतितेलावर जळणारा कंदील आहे, आणि झवेरभाई पटेलांनी सुधारलेल्या, ‘वर्धा घाणी’ म्हणून देशभर गेलेल्या तेलघाण्याचा इतिहास आहे. घाण्यापुढे उभा असताना मला अलिबागकडचे बेने इस्रायल आठवले. ज्यू म्हणजे कोण हे आपल्या कोकणाला शेकडो वर्षे ठाऊक होते ते ‘शनवार तेली’ म्हणून, शनिवारी घाणा बंद ठेवणारी माणसे म्हणून, आणि आपल्या मुलखात त्यांना त्या शनिवारासाठी कोणी कधी छळले नाही. एवढा अभिमान तरी बाळगायला हरकत नसावी.

कुमारप्पांनी तुरुंगात असताना चिरस्थायी अर्थव्यवस्थेवर जो ग्रंथ लिहिला त्यात अर्थव्यवहाराच्या पायऱ्या त्यांनी प्राण्यांवरून समजाविल्या आहेत: दुसऱ्याचा जीव घेऊन जगणारा वाघ, न पेरता आमराईतली फळे लुटणारे माकड, स्वतःचे घरटे बांधणारा पक्षी, साऱ्या पोळ्यासाठी मध गोळा करणारी मधमाशी, आणि सर्वांत वर, मोबदल्याचा विचार न करता पिलाला भरविणारी आई. माणसाच्या लोभाचे वर्गीकरण इतक्या साध्या शब्दांत दुसऱ्या कोणी केल्याचे मी वाचलेले नाही. परंतु त्यात एका प्राण्याची उणीव आहे. जो वाघही नाही आणि माकडही नाही, जो निमूटपणे आपला दर सांगतो, पावती देतो आणि वेळेवर माल पोहोचवितो, त्याला कुमारप्पांच्या अरण्यात जागा नाही. आणि विसाव्या शतकातील सर्वांत मोठा संहार त्याच प्राण्याच्या हिशेबवहीवर उभा राहिला.

एरफुर्ट हे जर्मनीतले एक शहर. तेथे टॉप्फ आणि पुत्र नावाचा एक प्रतिष्ठित कारखाना होता; मद्यासाठी बार्ली मोडविण्याची यंत्रे आणि बाष्पभट्ट्या हा त्यांचा मुख्य धंदा. आउशविट्झ आणि बुखेनवाल्ड येथे प्रेते जाळण्याच्या भट्ट्या पुरविल्या त्या यांनी. त्यांच्या एका अभियंत्याने तर १९४२ मध्ये, अखंड चालणाऱ्या, मोठ्या क्षमतेच्या दहनभट्टीच्या एकस्व हक्कासाठी अर्जही केला. आणि कंपनीच्या एकंदर उलाढालीत या भट्ट्यांचा वाटा सुमारे दोन टक्क्यांचाच होता. लोभ म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे कुबेराचा खजिना येतो; दोन टक्क्यांसाठी माणूस काय काय करू शकतो याची कल्पना आपल्या पुराणांनाही आली नाही. २०११ साली त्या कारखान्याच्या जुन्या कचेरीतच स्मृतिस्थळ उघडले, आणि तिच्या दर्शनी भिंतीवर कंपनीच्या व्यापारी पत्रांच्या शेवटी येणारे एक आर्जवी वाक्य मोठ्या अक्षरांत लावले आहे. आपल्या सेवेस आम्ही सदैव आनंदाने तत्पर आहोत, अशा अर्थाचे. पत्र लिहिणारा कारखाना, पत्र घेणारा आउशविट्झच्या बांधकामाचा कारभार. वर्ध्याच्या पत्राचा मायना आणि एरफुर्टच्या पत्राची समाप्ती ही दोन वाक्ये समोरासमोर ठेवली की या विषयावरच्या पुष्कळशा कलाकृतींची गरज उरत नाही. पहिले पत्र अडवले गेले. दुसऱ्या प्रकारच्या पत्रांना कधीही, कोठेही, कोणी अडविले नाही.

या विषयावरील कलेत धक्का देण्याची हौस पुष्कळ आहे, आणि सगळीच हौस सारखी नाही. टॉम सॅक्स या अमेरिकी कलावंताने १९९८ मध्ये ‘प्राडा’ या महागड्या फॅशनच्या पेढीच्या टोपीच्या खोक्यापासून यातनातळाची प्रतिकृती केली, विषारी वायूच्या डब्यांवर अत्तरे आणि दागिने विकणाऱ्या पेढ्यांची नावे छापली. २००२ साली न्यूयॉर्कच्या ज्यू संग्रहालयात ती मांडली गेली तेव्हा छळछावण्यांतून वाचलेले वृद्ध दारात निषेधाला उभे राहिले. त्याच प्रदर्शनात पोलंडच्या झ्बिग्निएव्ह लिबेराने केलेली, मुलांच्या जोडठोकळ्यांच्या खेळासारखी सुबक, खोक्यावर चित्र छापलेली छावणीही होती. दोघांची बुद्धी मी नाकारीत नाही. परंतु सॅक्सच्या कृतीपुढे मला कलावंताची हुशारी आधी दिसते आणि मृत माणसे नंतर, आणि ज्या लोभाचा उपहास करायचा त्याच लोभाच्या बाजारात ती वस्तू चढ्या भावाने विकली जाऊ शकते ही शंका काही केल्या जात नाही. खरा धक्का मला वाटते बर्लिनमध्ये आपोआपच घडला. तेथे पीटर आयझेनमन यांच्या आराखड्याप्रमाणे काँक्रीटच्या २,७११ ठोकळ्यांचे स्मारक उभे राहत असता २००३ च्या शरद ऋतूत उघडकीस आले की ठोकळ्यांवर कोणी रंगाने लिहू नये म्हणून जो लेप दिला जात होता तो पुरविणारी डेगुसा ही कंपनी तीच, जिच्या भागीदारीतल्या एका पेढीने छावण्यांना त्सिक्लोन बी हा वायू पुरविला होता. काम थांबले, वाद झाले, आणि काही आठवड्यांनी तोच लेप वापरून काम पुढे चालू झाले. २००५ मध्ये स्मारक खुले झाले. कोणत्याही कलावंताने असा प्रसंग योजला असता तर आपण त्याला भडक म्हटले असते.

वर्ध्यात गोपुरीजवळ गीताई मंदिर आहे, तेथे मी तिसऱ्या प्रहरी गेलो. जमनालालजींच्या स्मरणार्थ उभारलेल्या या मंदिराला छप्पर नाही, मूर्ती नाही. मोकळ्या आकाशाखाली उभ्या केलेल्या दगडी शिळांची वळणावळणाची भिंत, आणि प्रत्येक शिळेवर विनोबांच्या गीताईचा श्लोक. बर्लिनच्या त्या मुक्या ठोकळ्यांमधून मी एकदा चाललो होतो, तेथे एक अक्षरही कोरलेले नाही. येथे प्रत्येक दगड बोलतो. ऊन कलल्यावर शिळांच्या सावल्या आतल्या हिरवळीवर पडतात आणि शाळेच्या सहलीची मुले त्या सावल्यांवरून उड्या मारतात. बर्लिनमध्येही मुले त्या ठोकळ्यांवरून उड्या मारीत होती आणि रखवालदार शिट्ट्या वाजवीत होते. येथे कोणी शिट्टी वाजविली नाही. युद्ध, स्वजनवध आणि कर्तव्य यांविषयीचा तो ग्रंथ. धनुष्य खाली ठेवलेल्या माणसाला पुन्हा ते उचलायला लावणारा. आणि त्याची अक्षरे अहिंसेच्या या गावात दगडावर कोरलेली. त्यावर अधिक लिहिण्याचा अधिकार माझा नव्हे.

अलीकडच्या काळात सेवाग्रामच्या परिसरात शासनाच्या विकास आराखड्यातून एक प्रचंड चरखा उभारला गेला आहे, आणि भंगारातल्या लोखंडी सुट्या भागांपासून घडविलेल्या गांधी-विनोबांच्या भव्य प्रतिमाही आहेत. गिअर, साखळ्या, बेअरिंगे यांतून उमटलेला तो चेहरा लांबून पाहिला तर चकित करतो. लोक त्यापुढे छायाचित्रे काढतात, मीही एकाचे काढून दिले. यंत्राच्या लोभाला ज्याने आयुष्यभर विरोध केला त्याचा चेहरा मोडक्या यंत्रांतून घडवावा ही कल्पना धीट होऊ शकली असती. परंतु ती तेथे फार सुशोभित होऊन बसली आहे, तिला कोणी दुखावत नाही आणि ती कोणाला दुखावत नाही.

दुखावणारी कृती या जिल्ह्यात केली ती कलावंतांनी नव्हे, शेतकऱ्यांनी. हा कापसाचा मुलूख; हिंगणघाटच्या कापसाचे नाव एके काळी दूरदूरच्या पेढ्यांना ठाऊक होते, आणि पुढे कर्जापायी झालेल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे २००६ साली ज्या सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांनी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले त्यांत वर्ध्याचाही समावेश होता. त्याच्या आदल्या वर्षी, २००५ मध्ये, डोरली नावाच्या या जिल्ह्यातील एका लहानशा गावाने आपले संपूर्ण गाव विक्रीस काढले. झाडांवर पाट्या लावल्या, गुराढोरांच्या अंगावर तीच अक्षरे रंगविली: हे गाव विकणे आहे. यातनातळाशी त्याची तुलना करणे अडाणीपणाचे होईल आणि कोणी करू नये. येथे कोणी कोणाला गाड्यांत कोंबून नेले नव्हते. परंतु व्याजाचा दर, कापसाचा भाव, बियाण्याची पावती, सातबाऱ्यावरचा बोजा, या सर्व कागदांना त्या गावाने एकाच ओळीचे उत्तर लिहिले, आणि ते कागदावर न लिहिता बैलाच्या पाठीवर लिहिले. कल्लाटांनी प्रकाशाची अक्षरे माणसांच्या अंगावर पाडली त्याआधी सात वर्षे.

निघण्याच्या दिवशी गाडीला अवकाश होता, म्हणून वर्ध्याच्या बसस्थानकासमोर चहाच्या टपरीवर मी डोरलीचा रस्ता विचारला. टपरीवाल्याने स्टोव्हची ज्योत कमी केली आणि माझ्याकडे जरा निरखून पाहिले.

‘इकाले काढलं होतं थेच ना जी गाव?’

मी हो म्हणालो, आणि पुढे काय झाले, विकले गेले का, असे विचारले. त्याने कपबशी माझ्यापुढे सरकवली.

‘घेते कोन जी?’